खंजिरावरचा क्रूस

विचुंब्याच्या आमच्या घरात, पवित्र हृदयाच्या तसबिरीखालील कपाटात एक खंजीर आहे. मूठ पितळेची, पात्यावर क्रूस आणि त्याखाली १७३९ हे साल. मी मूळचा वसईकर. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. दुकानदार फारसे बोललाच नाही. उरलेली कथा मीच मनाशी रचली आणि पैसे मोजले.

घरी येऊन भिंग लावले. गंज सर्वत्र सारखा, नारिंगी; बोट फिरवले की भुकटी निघे. जुना गंज काळपट तपकिरी असतो, लोखंडात खड्डे पाडून घट्ट बसतो. नारिंगी गंज मिठाच्या किंवा आम्लाच्या पाण्याने चार दिवसांत चढतो. क्रूसाच्या रेषा मात्र आतून लख्ख होत्या; म्हणजे गंज आधी आणि कोरीव काम नंतर! मुठीच्या कडेला ओतीव साच्याची शिवण बोटाला टोचत होती. पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या मुठीवर ती केव्हाच झिजली असती. लहरींची नक्षी असलेल्या पात्यांत फसवणूक याहून सूक्ष्म असते: अस्सल पोलादाच्या लहरी धातूच्या अंगातच असतात, नकली लहरी आम्लाने केवळ पृष्ठभागावर उमटवलेल्या.

आणि ते साल! वेढा पडलेला असताना, पराभवाच्या वर्षी, कोणता पोर्तुगीज कारागीर पात्यावर आकडे कोरीत बसला असता? मी शाळेत इतिहास शिकवीत असे, हे येथे न सांगितलेलेच बरे.

पावतीवर 'शोभेची वस्तू' असे लिहिले होते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. कागदावर तरी दुकानदार खरे बोलला होता.

मी तेवढेही बोललो नाही. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ, तेही वसईचे, खंजीर पाहून हळवे झाले. "सर, तुम्ही दिलेली किंमत देतो, मला द्या," म्हणाले. मी "बघू" म्हणालो आणि दोन आठवडे गप्प राहिलो. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हा ती शिवाजी महाराजांचीच हे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयाने उघड सांगितले होते. मला एका शेजाऱ्याला सांगवेना.

अखेर एका रविवारी मिस्सानंतर खंजीर आणि भिंग घेऊन त्यांच्या घरी गेलो. सारे दाखवले. ते बराच वेळ पात्यावर वाकून होते. मग म्हणाले, "सर, हे भिंग दोन दिवस ठेवून जाल का?" आणि त्यांनी आपल्या कपाटाकडे पाहिले.