रांडंच्या

कोल्हापुरात 'रांडंच्या' ही शिवी नाही, मायेची हाक आहे, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर न्यायचो. म्हशीची धार थेट ग्लासात पडत असते, वर फेस चढत असतो, आणि शेजारी दोन दोस्त भेटतात. 'काय रांडंच्या, हाईस कुठं? तोंड दावंना झालास!' पाहुणे दचकायचे. मी म्हणायचो, शब्द राहू दे, गळ्यात पडलेला हात बघा.

आता मी असं म्हणत नाही.

शब्द जुना, संस्कृत 'रण्डा'वरून आलेला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात 'रांड'चा पहिला अर्थ विधवा असाच दिलाय. वेश्या हा अर्थ त्याच्या मागून येतो. नवरा गेलेल्या बाईकडं आपण कसं बघत आलो, ते या दोन अर्थांच्या शेजारातच दिसतं. तेव्हा 'रांडेचा' म्हणजे मुळात विधवेचं, बिनबापाचं पोर. हे मला ठाऊक होतं. अर्थ झिजून गेलाय, आता कुणाच्या मनात येतो, एवढंच माझं उत्तर असायचं.

मग करोनात चुलतभाऊ गेला. पुढं बांधाच्या वादात भावकी जमली, वहिनी बोलायला उभी राहिली, आणि समोरून आलं, 'रंडके, तू गप बस.' तिनं मोकळी मनगटं पदराखाली घेतली, पण बोलणं सोडलं नाही. ज्यानं तिला हे ऐकवलं, त्यानंच तासाभरापूर्वी मला 'ये रांडंच्या, च्या घे' म्हणून मायेनं जवळ बसवलं होतं. एकाच तोंडात दोन्ही शब्द, आणि दोन्हींचं मूळ एक.

आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस. महाराजांनी १९१७ सालीच करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हातातल्या बांगड्यांसाठी गाव ठराव करू शकतं. जिभेवरचा शब्द ज्याचा त्यालाच काढावा लागतो.

कट्ट्यावरच्या त्या दोघांची माया खरी असते, हे मी आजही मानतो. पण ती दोघांपुरती. जिच्या दुःखाची ही हाक झाली, तिला त्या मायेतला घोटभरही वाटा मिळत नाही.

दोस्तांना हे अती वाटतं. 'मग कोल्हापुरी बोलण्यात राहिलं काय?' म्हणतात. भावा आहे, मर्दा आहे, गड्या आहे, लेका आहे. माझं यांच्यावर छान भागतं.

वहिनीचा पोरगा यंदा तालमीत जायला लागलाय. ही हाक त्याला तिथं रोज पडणार, आणि त्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. वस्तादांशी मी बोललोय.