घडीची सायकल

सायकल घ्यावयास गेलेला माणूस तिच्यावर बसून पाहतो, घंटी वाजवतो, ब्रेक दाबतो. मी मात्र पनवेल ते दादर अशा चार दुकानांत सायकली केवळ उचलून पाहिल्या. त्याही एका हाताने, दुसरा हात मोकळा ठेवून. दुकानदारांना मी वजनमापे खात्याचा निरीक्षक वाटलो असल्यास नवल नाही.

कारण असे. आमचे अण्णा सासवण्यास असतात. वय एकोणऐंशी. आई गेल्यापासून वाडीत एकटेच. पनवेलीस या म्हटले, की "पोफळींना पाणी कोण घालील?" एवढाच प्रश्न विचारतात आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नसते. गेल्या मार्गशीर्षात एका रात्री त्यांना चक्कर आली. सकाळी शेजाऱ्यांचा फोन येताच मी पेणच्या रस्त्याने निघालो आणि वडखळच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत दीड तास नुसता बसून राहिलो. दर शनिवारी जायचेच, असे मी त्या रांगेत ठरविले. आणि या रस्त्याने नाही, असेही.

दुसरी वाट पाण्याची. उरणजवळचे करंजा आणि पलीकडचे रेवस ही समोरासमोर. मध्ये धरमतरची खाडी. लाँच पाव तासात पार करते. २०२४ च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत गेल्यामुळे पनवेलीहून निघावे, बेलापूरला गाडी बदलावी, की उरण. राहतात दोन तुकडे : उरण ते करंजा आणि रेवस ते सासवणे. माझे शनिवार गिळून टाकीत ते हे दोन तुकडेच. भरल्याशिवाय रिक्षा सुटत नाही आणि ती भरेपर्यंत लाँच थांबत नाही. खाडीवर पूल बांधण्याची गोष्ट अंतुले मुख्यमंत्री झाले तेव्हापासूनची, म्हणजे १९८० पासूनची. पूल होईल तेव्हा होवो. अण्णांच्या वयाला काही थांबायला सांगता येत नाही.

म्हणून सायकल, आणि तीही घडीची. लोकलमध्ये पायांशी राहील अशी आणि लाँचमध्ये हाती धरून नेता येईल अशी. ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याच्या खूप खाली गेलेली असते. पायऱ्यांवर शेवाळ. खालून खलाशी हात पुढे करतो. तो धरावयास आपला एक हात रिकामा हवा. त्या दोन क्षणांत जी सायकल दुसऱ्या हाताला पेलेल ती माझी, मग ती धावो न धावो.

पाण्यातून उतरून चाकांवर बसणे पनवेलीस नवे नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यावर पुण्यास जाणारी मुंबईकर मंडळी होडीने पनवेल बंदरात उतरत आणि पुढे गाडी करीत. फरक एवढाच, की त्यांना गाडी बगलेत मारून आणावी लागत नसे. तशी ती आणणारेही होऊन गेले : १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बोटींतून उतरलेल्या ब्रिटिश आणि कॅनेडियन सैनिकांपैकी कित्येकांजवळ घडीच्या सायकली होत्या. आज नावाजलेली ब्रॉम्प्टन मात्र शांततेच्या काळातली. अँड्र्यू रिची नावाच्या तरुणाने १९७० नंतरच्या काही वर्षांत लंडनमधल्या आपल्या बिऱ्हाडात ती जुळविली. खिडकीतून समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसे, म्हणून हे नाव. तिची किंमत ऐकून मी ती उचलूनसुद्धा पाहिली नाही.

चाके सोळा इंची की वीस, यावर आठवडा गेला. सोळा इंचीची घडी मोठी सुबक. पण जो खड्डा मोठे चाक आदळत का होईना ओलांडते, त्यात लहान चाक मुक्कामालाच उतरते, आणि आमच्या वाटेवर खड्ड्यांना तोटा नाही. वीस इंची ठरली. सांगाडा अल्युमिनियमचा. खाऱ्या वाऱ्यात तो पोलादासारखा तांबडा पडत नाही; मात्र त्यातले पोलादी स्क्रू वेळच्या वेळी ग्रीस न लावल्यास असे धरून बसतात, की जन्मात निघत नाहीत. साखळी तर दर फेरीनंतर पुसून तेल मागणारच. विजेवर चालणाऱ्याही पाहिल्या. गुडघ्यांना मोह पडला, पण वजन वीस किलोच्या घरात.

पसंत पडलेली बारा किलोंची होती. दुकानात उचलणे निराळे, जिना उतरणे निराळे. म्हणून घरी एका पिशवीत दहा किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ भरली, ती डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे करून तीन मजले उतरलो. पहिल्या मजल्यावर दम लागला, पण पिशवी खाली ठेवली नाही. तळमजल्यावरच्या काकांनी माझा पुढे केलेला हात आपल्यासाठीच आहे, असे समजून तो प्रेमाने हालवला आणि विचारले, "प्राध्यापकसाहेब, वाण्याकडे परत चाललात का?" वर आल्यावर आमची सौ. म्हणाली, "अहो, विजेवरची पाहायची असेल तर आणखी आठ किलो तांदूळ आहेत घरात."

तिची परीक्षा वेगळी होती. शिवणाची टेप घेऊन तिने दारामागचा कोपरा मोजला आणि घडीची लांबी, उंची, जाडी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. टेबलफॅन माळ्यावर गेला तर बसेल, असा निकाल लागला. सायकल घरी आली त्या संध्याकाळी मी ती बैठकीच्या खोलीत दहा वेळा मिटली आणि उलगडली. मिटली की समास, उलगडली की विग्रह. मुलांना वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे.

रात्री अण्णांना फोन केला. घडीची सायकल म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगण्यात पाच मिनिटे गेली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी ओहोटी आहे, पायऱ्या जपून उतर. आणि येताना पंप आण. इथला मेला केव्हाच मोडलाय."