ताई, मला लॉजिक शिकायचंय!

"ताई, मी रिझाइन करतोय."

रविवारची सकाळ, समोर गरमागरम पोहे आणि त्यात हा बॉम्ब! आईचा कोथिंबीर भुरभुरणारा हात तिथेच थांबला. बाबांचा पेपर खाली आला. आणि आमचं शेंडेफळ, वय वर्षं चोवीस, हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर, घरातला सगळ्यात जास्त कमावणारा माणूस (माझ्यासारख्या फ्रीलान्सरला मागे टाकायला फार काही लागत नाही म्हणा), शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळत होतं.

"एमबीए करतोयस?" बाबांनी आशेने विचारलं.

"नाही. चेन्नईला एमएससी. मॅथेमॅटिकल लॉजिक आणि थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्स. जमलं तर पुढे पीएचडी."

बीई झालेला मुलगा एमएससी करणार! आमच्या कोथरूडमध्ये याला डिमोशन म्हणतात. त्यात फ्लॅटच्या हप्त्यातला अर्धा वाटा त्याचा. आईने मला किचनमध्ये ओढलं. "तू पत्रकार ना? चार ठिकाणी चौकशी कर आणि त्याच्या डोक्यातून हे खूळ काढ."

तर मी ही स्टोरी चक्क विरोधी पक्षात बसून सुरू केली.

पहिला प्रश्न, हे खूळ आलंच कुठून? उत्तर सापडलं रात्री दोनच्या एका कॉलमध्ये. त्याच्या टीमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या सगळ्या टेस्ट पास, रिलीज झालं आणि तिसऱ्या दिवशी कोसळलं. "हजार टेस्ट पास झाल्या म्हणजे हजार एकावी होईल असं नाही ना ताई? बग नाहीच, हे भूमितीच्या प्रमेयासारखं सिद्ध करता आलं तर?" मला वाटलं, झोप न झाल्याने बोलतोय. पण असा अख्खा विषयच आहे! १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक निघाली आणि कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर चिप बनवणाऱ्यांनी लॉजिकवाल्यांना गांभीर्याने घ्यायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर आणि चिप लॉजिकने तपासायच्या पद्धती शोधणाऱ्यांना १९९६ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळालाय. कॉम्प्युटरवाल्यांचं नोबेलच ते. आज अॅमेझॉनच्या क्लाउडमागेही अशी माणसं बसलेली असतात.

म्हणजे पोरगा अगदीच हिमालयात चालला नव्हता. माझा विरोधी पक्ष थोडा डळमळला.

दुसरा प्रश्न, शिकायचं कुठे? चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट १९८९ मध्ये सुरू झाली, ती आहे सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये. हिंजवडीचा आयटी पार्क सोडून साहेब चालले कुठे, तर दुसऱ्या आयटी पार्कमध्ये! प्रवेश परीक्षा वर्षातून एकदा. त्याच शहरात तारामणीला इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस आहे. आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला टीआयएफआर आहे आणि पवईला आयआयटी आहेच. युरोपात अॅमस्टरडॅमला तर दोन वर्षांची 'मास्टर ऑफ लॉजिक' नावाचीच डिग्री मिळते. पण युरोपबाहेरच्यांची तिथली फी बघून मी ती टॅब लगेच बंद केली.

पैशाचं काय? एमएससीला फी भरावी लागते, निवडक मुलांना सवलत मिळते. पीएचडीला फेलोशिप. २०२३ पासून सरकारी ज्युनिअर फेलोशिप महिना ३७,००० रुपये, सीनिअर झाल्यावर ४२,०००. हिंजवडीत दोन वर्षांत तो याहून पुढे गेलाय. पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणजे दोन-दोन वर्षांची बिऱ्हाडं, आणि प्राध्यापकांच्या जागा मोजक्या. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं, जरा खुशीतच. तो म्हणाला, "माहितेय." वर त्याने मलाच २००२ ची गोष्ट ऐकवली. एखादी संख्या मूळ संख्या आहे का, हे वेगाने आणि खात्रीने ओळखायची रीत गणितज्ञ कित्येक वर्षं शोधत होते. ती सापडली आयआयटी कानपूरमध्ये, मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बीटेक झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांना. त्या दोघांनी तेव्हा प्लेसमेंटचा फॉर्म भरला होता का, हे मला खरंच विचारायचंय.

पण आईला पटवलं ते कानपूरने नाही, पंगतीने. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात जेवणाची व्यवस्था आईकडे होती आणि कोणाचं कोणाशी पटत नाही हे सगळं तिला तोंडपाठ! भावाने विचारलं, "भांडलेले दोघं एका पंगतीत यायला नकोत. दोनच पंगती असतील तर?"

"सोपंय. एकाला इकडे बसवायचं, त्याच्याशी भांडलेले सगळे तिकडे. जमत नसेल तर लगेच कळतं."

"आणि तीन पंगती?"

आई गप्प झाली. मग म्हणाली, "मग करून बघावं लागतं."

"चाळीस पाहुण्यांसाठी किती प्रकारे करून बघशील? एकावर एकोणीस शून्यं, त्याहूनही जास्त! कोणी मांडणी आणून दिली तर ती तपासायला दोन मिनिटं लागतात. पण शोधायची झटपट रीत? अजून जगात कोणाला माहीत नाही. ती आहे किंवा नाही, यातलं काहीही एक सिद्ध केलं तर दहा लाख डॉलर. २००० सालापासून बक्षीस तसंच पडून आहे."

"म्हणजे तीन पंगती मांडायला तू चेन्नईला जाणार?" आई म्हणाली. पण हसली.

राहिला प्रश्न हप्त्याचा. इथे मला एक कबुली द्यायला हवी. दोन वर्षांपूर्वी मी पक्की नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, तेव्हा कोणी माझी चौकशी केली नव्हती. उलट या गधड्याने पहिल्या पगारातून मला लॅपटॉप घेऊन दिला. हा लेख त्यावरच टाइप करतेय. आणि मी? मी त्याच्याविरुद्ध फाइल बनवत होते.

मेमध्ये त्याने परीक्षा दिली, इंटरव्ह्यू झाला, सिलेक्शनही झालं. ज्या कॉर्पोरेट न्यूजलेटरच्या कामाला मी वर्षभर नाकं मुरडत होते, ते मुकाट्याने घेतलं. बाबांनी त्यांची एक एफडी मोडली, त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. आता त्याच्या वाट्याचा हप्ता दर पाच तारखेला माझ्या अकाउंटमधून जातो. पहिल्या महिन्यात माझा बॅलन्स बघून मला घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू!

परवा त्याचा फोन आला. पहिल्या असाइनमेंटला वीसपैकी सहा. आवाज पडलेला. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "मेसमध्ये पोळी मिळते का रे?"