आईचा तांब्या

आमच्या घरीं झाडांना पाणी घालण्याचा अधिकार आईचा. तिचें वय चौऱ्याऐंशी. स्वयंपाकघर तिच्या हातून केव्हांच गेलें, दृष्टि मंदावल्यावर पोथी गेली, गुडघ्यांनीं देवळाची वाट बंद केली. राहतां राहिला तो सकाळचा तांब्या. स्नान झालें कीं तुळशीला पाणी, आणि उरेल तें गॅलरींतील इतर कुंड्यांना, असा तिचा क्रम. त्यानें आजवर कोणाचें कांहीं बिघडलें नव्हतें.

गेल्या चैत्रांत आमच्या सौभाग्यवतींनीं रोपवाटिकेंतून एक टांगती कुंडी आणली. तिच्या कांठावरून हिरव्या दोऱ्या लोंबत होत्या आणि प्रत्येक दोरींत वाटाण्याएवढे हिरवे मणी ओंवलेले. नांव 'मोत्यांची माळ'. आम्ही पडलों इंग्रजीचे अध्यापक. वनस्पतींशीं आमचा संबंध कवितेंतील फुलांपुरता. परंतु प्राध्यापकाला घरांत अज्ञान कबूल करणें जड जातें, म्हणून आम्हीं ग्रंथ चाळले.

ही माळ मूळची दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतांतली. तेथील कोरड्या मुलखांत ती टांगलेली नसते. झुडपांच्या नि खडकांच्या सांवलींत जमिनीवर सरपटते, आणि दांडा मातीला टेकेल तेथें मूळ धरते. याकोबसेन या जर्मन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं गॉर्डन रौली या इंग्रज अभ्यासकाच्या नांवावरून तिचें बारसें केलें. घराणें मात्र सूर्यफुलाचें, म्हणजे आमच्या झेंडू-शेवंतीची ती दूरची भाऊबंद. मणी हेंच तिचें पान. गोल आकारामुळें आंत पाणी पुष्कळ मावतें आणि उन्हावाऱ्याला पृष्ठभाग थोडा मिळतो. मग प्रकाश आंत जावा कसा? त्यासाठीं प्रत्येक मण्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते, खिडकीसारखी. आम्हीं भिंग घेऊन ती पाहिली, आणि खरें सांगतों, पुष्कळ वर्षांत कशाचें इतकें नवल वाटलें नव्हतें.

अशा रोपाला पाणी द्यावें तें माती पुरती सुकल्यावर, मणी किंचित् सुरकुतूं लागले म्हणजे. आणि येथें रोज सकाळीं तांब्या!

ज्येष्ठ कसाबसा निभावला. आषाढांत हवाच ओली. मणी पिचपिचीत होऊन एकेक जमिनीवर गळूं लागले. "तुझ्या पाण्यानें झाड मरतें आहे," हें वाक्य आईला कसें म्हणावें? तीस वर्षें वर्गांत बोलण्यांत गेलीं, पण हें वाक्य कांहीं जुळेना. शेवटीं आम्हीं भित्र्या माणसाचा मार्ग पत्करला. ती दुपारीं निजली असतां छताला आंकडा ठोकून कुंडी तिच्या हाताच्या वर टांगली.

दुसऱ्या दिवशीं आई कुंडीखालीं क्षणभर उभी राहिली आणि उरलेल्या पाण्यासह तांब्या घेऊन आंत आली. तिसऱ्या दिवशींही तेंच. चौथ्या दिवशीं म्हणाली, "अरे, तें वर टांगलेंस तें माझ्यासाठींच ना?"

आम्हीं उन्हाची सबब सांगितली.

"ऊन खालीं जास्त येतें," ती म्हणाली.

मग कुंडी उतरविली आणि सारें सांगितलें. तिनें मणी बोटांनीं चांचपले. "हें निवडुंगाच्या जातीचें होय? मग आधीं नाहीं का सांगायचें?" तें निवडुंग नव्हे, ही दुरुस्ती आमच्या जिभेवर आली होती, पण ती आम्हीं गिळली. तिच्या माहेरीं शेराचें कुंपण होतें. त्याचे तुकडे लावण्यापूर्वीं दोन दिवस सांवलींत पडूं देत, चीक सुकूं देत. तसेंच तिनें आम्हांकडून करविलें. कुजका भाग टाकला, धड दोऱ्या कागदावर पसरल्या, आणि तिसऱ्या दिवशीं वाळू नि विटेचा चुरा मिसळलेल्या मातीवर, एका उथळ परळांत, न पुरतां नुसत्या अंथरल्या. श्रावण सरतां सरतां त्यांनीं मुळें धरलीं.

आतां आई रोज मातींत बोट खुपसते आणि बहुधा "आज नको" म्हणते. परवां आम्हीं उत्साहानें चार थेंब घातले, तर आम्हांलाच बोलणीं बसलीं. या रोपाला दालचिनीच्या वासाचीं बारीक पांढरीं फुलें येतात, हें वाचून दाखविल्यापासून ती माती पाहून झाली कीं वांकून वासही घेते. छताचा आंकडा रिकामाच आहे. तेथें दिवाळींत आकाशकंदील लावूं, असें सौभाग्यवतींचें म्हणणें आहे.