वऱ्हाड

बावीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये मिलिंग मशिनवर काढली. दोन प्लेटी सारख्या हव्यात तर दोन प्लेटी करायच्या, एवढंच मला ठाऊक. एकीचं भोक मोठं केलं म्हणून दुसरीचंही आपोआप मोठं झालं, असं बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटरवर पहिल्याच महिन्यात पाहिलं.

गुडघे बोलायला लागले तेव्हा शेठनी ड्रॉइंगच्या टेबलावर बसवलं. सॉफ्टवेअर फ्रीकॅड, कारण फुकट. शिकवायला ऑफिसातला डिप्लोमा झालेला मुलगा. मला काका म्हणतो. पहिले आठ दिवस मजेत गेले. स्केच काढा, पॅड करून जाडी द्या, पॉकेट करून भोक पाडा. डावीकडे या सगळ्याची ट्री दिसते. ती म्हणजे उलटी उतरंड: आधीचं वर, नंतरचं खाली, आणि वरचं हललं की खालची मडकी गडगडतात.

मग पहिलं खरं काम आलं. मोटरखालच्या दोन प्लेटी, 300 बाय 200, जाडी 16 मिमी. एकीला एम 8 चे बोल्ट, म्हणजे भोक 9 चं. दुसरीला एम 10, म्हणजे 11 चं. बाकी सगळं सारखं. पहिली झाली. दुसरीसाठी पॉकेट निवडून कॉपी मारली, तर एक खिडकी उघडली: हे फीचर या या गोष्टींवर अवलंबून आहे, त्याही घ्यायच्या का? मी उदारपणे सगळ्यांना हो म्हटलं. बोलावलं नवरदेवाला, उतरलं अख्खं वऱ्हाड! बॉडी001, स्केच001, पॅड001, पॉकेट001. पडद्यावर मात्र काहीच बदल नाही, कारण दुसरी प्लेट पहिलीच्या पोटातच, तंतोतंत त्याच जागी. मला वाटलं पेस्ट झालंच नाही. पुन्हा मारलं. 002. पुन्हा मारलं.

सगळं पुसून दुसरी वाट धरली. लिंक नावाचं बटण होतं. दाबताच एक शहाणी, सुटसुटीत प्लेट आली, आयकॉनवर छोटासा बाण. तिच्यात शिरून 9 चे 11 केले, दोन्हींची ड्रॉइंगं काढली आणि डोंबिवली एमआयडीसीत कटिंगला पाठवून दिली. दोन्ही प्लेटी 11 ची भोकं घेऊन परत आल्या. एम 8 चा बोल्ट त्यात असा हलत होता, जणू घंटेतला लोलक.

"काका, लिंक म्हणजे कॉपी नव्हे," मुलगा म्हणाला. "प्लेट एकच आहे, ती दोन जागी दिसते. तुम्ही मूळच बदललंत."

एखाद्या घरचा मुलगा बदलापूरला राहायला गेला तरी त्याचं नाव डोंबिवलीच्या रेशनकार्डावरच, तसं काहीतरी. मला वाटलं होतं, ही फ्रीकॅडचीच खोड. पण एमआयटीत आयव्हन सदरलँडनं 1963 मध्ये स्केचपॅड हा ड्रॉइंगचा प्रोग्रॅम दाखवला, तेव्हाच त्यात मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या नकला बदलत. म्हणजे खोड नव्हे, मुद्दाम केलेली सोय. फ्रीकॅडमध्ये ही लिंक 2021 च्या 0.19 आवृत्तीत आली. माझ्यापर्यंत पोचायला आणखी वेळ लागला, पण पोचली ती साडेसात किलो लोखंड वाया घालवूनच.

त्यानंतर मी लिंकच्या वाटेलाच जाईना. सगळ्यांच्या सुट्या कॉप्या. तर गिऱ्हाइकानं लांबी 320 केली. एका प्लेटीत बदलली, दुसरीत विसरलो. तेवढ्यात ठाण्याहून सातची गाडी पकडायची होती. मुंब्र्याच्या पुढे, दिव्याच्या गर्दीत लक्षात आलं. रात्री झोप नाही.

तोडगा मुलानंच सांगितला. सामायिक मापं एका स्प्रेडशीटमध्ये लिहायची: लांबी, रुंदी, जाडी. दोन्ही प्लेटी तिथून माप घेतील. भोकाचं माप मात्र ज्याचं त्याच्या स्केचमध्ये. आणि कॉपी करताना त्या खिडकीत स्प्रेडशीटची खूण काढून टाकायची, नाहीतर तिचीही जुळी बहीण जन्माला येते आणि पुन्हा दोन कारभार.

आता खिडकी उघडली की मी चष्मा लावतो. एकेका नावावर बोट ठेवून पुटपुटतो: हा येणार, हा येणार, ही घरीच राहणार.

"काका," मुलगा मागून म्हणतो, "पत्रिका वाटून झाल्या का?"