मनुदेवीच्या वाटेवरचे पाणी



यावलहून आडगावमार्गे मनुदेवीला तुम्ही अनेकदा गेला असाल. नवस फेडलात, धबधबा पाहिलात आणि परतलात. आता पावसाळ्यात जाल तेव्हा वाटेतली जमीन आणि वरचे जंगल जरा निरखून पाहा. तुमच्या केळीच्या पाण्याचा हिशेब तिथेच मांडलेला आहे.

तापीकाठची खोल काळी जमीन मागे पडली की सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि रेव यांचा पट्टा लागतो. भूजलतज्ज्ञ त्याला ‘बझाडा’ म्हणतात. डोंगरातले नाले या पट्ट्यात शिरले की त्यांचे पाणी जमिनीत मुरते आणि पुढे आपल्या विहिरींना मिळते. पण नाल्याला गढूळ लोंढा आला, तर बारीक गाळ गोट्यांच्या फटी बुजवतो आणि मुरण मंदावते. पाणी संथ व निवळ उतरावे, हे काम वरच्या जंगलाचे.

या डोंगरात यावल अभयारण्य आहे. ते १९६९ साली झाले. क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. साग, अंजन, सालई, धावडा, तेंदू अशी ही पानझडी झाडे.

हलकी सर आली तर तिचे पहिले एक-दोन मिलिमीटर पाणी पानांफांद्यांवरच अडते आणि वाऱ्याने उडून जाते. मोठ्या पावसात झाडोरा चिंब झाला की बाकीचे पाणी पानांवरून ठिबकते, खोडावरून ओघळते. झाडे मुळांनीही पाणी पितात. मग जंगलाचा फायदा कोणता? तो जमिनीवर कळतो.

सागाचेच पाहा. त्याच्या रुंद पानावर थेंब एकत्र येऊन मोठे होतात. आठ-दहा मीटर उंचीवरून ते उघड्या मातीवर आदळले, तर माती उडते, वर पापडी धरते आणि पाणी वाहून जाते. म्हणजे नुसती उंच झाडे पुरत नाहीत. त्यांच्याखाली झुडपे हवीत, गवत हवे आणि पालापाचोळा हवा. थेंबाचा मार हे थर झेलतात. मुळे आणि किडेमुंग्या जमिनीत वाटा करतात, त्यांतून पाणी आत शिरते. तुम्ही केळीला पाचटाचे आच्छादन करता, तोच हा न्याय.

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटरची सर म्हणजे एक लाख लिटर. ते मुरणार की माती घेऊन तापीला जाणार, हे या थरांवर ठरते.

उन्हाळ्यात मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. आग पसरली की पावसाच्या तोंडावर डोंगर उघडा पडतो. वेचणाऱ्याचे पोट त्या फुलांवर आहे, हे विसरू नये. झाडाखाली जुने लुगडे किंवा जाळी अंथरली तरी फुले स्वच्छ मिळतात आणि पाला वाचतो. पायथ्याच्या गावांनी वणवा दिसताच वनखात्याला कळवावे व विझवायला हात लावावा.

मात्र सारा भार जंगलावर टाकून चालणार नाही. यावल व रावेर तालुक्यांत भूजलाचा उपसा मुरणीपेक्षा जास्त झाला आहे. म्हणून ठिबक वापरा, बांधावर गवत राखा, नाल्यातला बांध गाळाने भरला असेल तर पावसाआधी उपसा. डोंगराने मुरवलेले पाणी जपून वापरणे आपल्याच हाती आहे.