एक गेलं, तरी दुसरं आहे!

नात्यात 'बॅकअप' ठेवणाऱ्यांना माझा अजिबात सपोर्ट नाही. पण इंटरनेटच्या बाबतीत? बिनधास्त दोन ठेवा! याला चीटिंग नाही, 'ड्युअल वॅन' म्हणतात.

घरून काम करणाऱ्या फ्रीलान्सरचं ऑफिस म्हणजे तिचं नेट. तुमच्या ऑफिसात नेट गेलं की चहाचा ब्रेक मिळतो, माझ्याकडे गेलं की घरभाड्याचं गणित हलतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत खोदकाम चालू होतं. तीन आठवडे मागे लागल्यावर एका डॉक्टरांनी अर्ध्या तासाची वेळ दिली आणि व्हिडिओ कॉलवर सातव्या मिनिटाला त्यांचा चेहरा फ्रीज! मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येईपर्यंत त्या ओपीडीला निघून गेल्या होत्या. स्टोरी गेली, तिचे पैसेही गेले. त्याच आठवड्यात दुसरी लाइन घेतली. एक मोठ्या कंपनीचं फायबर, दुसरी गल्लीतल्या केबलवाल्या दादांची. आणि दोन्ही सांभाळणारा एक राउटर.

रूममेटचं गणित लगेच तयार. 'अगं, शंभर अधिक पन्नास, म्हणजे दीडशेचा स्पीड!' तसं नसतं हो. पुण्याहून मुंबईला एक्स्प्रेस वे आहे आणि जुना हायवेही आहे. म्हणून तुमची एकच गाडी काही दुप्पट वेगाने पोचत नाही. फक्त दोन गाड्या दोन वाटांनी जाऊ शकतात. राउटरही तेच करतो. प्रत्येक नवं कनेक्शन कुठल्या लाइनने पाठवायचं ते ठरवतो आणि शेवटपर्यंत त्याच लाइनवर ठेवतो. त्यामुळे एकच मोठी फाइल उतरवली तर सहसा स्पीड एकाच लाइनचा. पण ती सिनेमा बघत असताना मी फोटो अपलोड केले, तरी आमचं भांडण होत नाही. हा खरा फायदा!

वाटणी सरसकट केली तर मात्र गंमत होते. दोन लाइन म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारे दोन आयपी पत्ते. एक क्लिक एका पत्त्यावरून आणि पुढची दुसऱ्यावरून आली, की बँकेच्या साइटला संशय येऊन ती तुम्हाला सरळ बाहेर काढू शकते. उपाय सोपा आहे. राउटरमध्ये नियम लिहायचा : बँक आणि मीटिंग कायम फायबरवरून, मोठी डाउनलोड्स दादांच्या लाइनवरून, बाकीचं वाटून. भाजी कोणी आणायची आणि कचरा कोणी टाकायचा, हे ठरवतो ना, तसंच!

आता मेन फंडा, 'फेलओव्हर'. एक लाइन पडली की सगळं दुसरीवर. पण पडली हे राउटरला कळणार कसं? मोडेमचा हिरवा दिवा फसवा असतो. दुकानाची पाटी लखलखतेय पण आत माल नाही, अशातली गत! म्हणून राउटरला दर काही सेकंदांनी दूरच्या एखाद्या सर्व्हरला हाक मारायला सांगायचं. सलग तीन-चार हाकांना ओ आली नाही, की रस्ता बदल. चालू कॉल त्यात थोडा अडखळतोच, कारण आपला पत्ताच बदललेला असतो. एकच संभाषण दोन वाटांनी चालू ठेवणारं 'मल्टिपाथ टीसीपी' नावाचं तंत्रही आहे. ॲपलने २०१३ मध्ये सिरीसाठी ते वापरलं. पण समोरच्या सर्व्हरलाही ते यावं लागतं, तिथेच घोडं अडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : दोन बिलं म्हणजे दोन रस्ते नव्हेत. एक्स्प्रेस वे आणि जुना हायवे कित्येक वर्षं बोरघाटात एकत्र यायचे. तिथे एक ट्रक आडवा झाला की दोन्हीकडचे अडकले! 'मिसिंग लिंक'चा घाट घातला गेला तो त्यासाठीच. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतातलं नेट रांगायला लागलं. केबल दोन, पण वाट एकच. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तोच प्रकार.

आमच्या इमारतीतही दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत होत्या. दादांना गच्चीवर नेलं आणि त्यांची वायर मागच्या बिल्डिंगवरून फिरवून घेतली. 'ताई, तुम्ही पेपरवाल्या म्हणून ऐकतोय हं!' असं म्हणत त्यांनी केलं बिचाऱ्यांनी. लाइट गेली तर दोन्ही लाइनी मिळून शून्य, म्हणून दोन्ही मोडेम आणि राउटर एका छोट्या यूपीएसवर टाकले. दुसऱ्या लाइनचा महिन्याचा खर्च? दोन पिझ्झे. गेलेल्या एका स्टोरीपुढे काहीच नाही.

तुम्हीही दोन लाइन घेतल्यात ना, तर एक करा. एखाद्या निवांत रविवारी सिनेमा चालू असताना मेन लाइनची वायर सरळ उपटा. थोडंसं अडखळून सिनेमा पुढे सरकला, तर तुम्ही पास. थांबलाच, तर वाईट वाटून घेऊ नका. सोमवारच्या मीटिंगला बॉससमोर कळण्यापेक्षा घरच्या सोफ्यावर कळलेलं बरं!